जिथं हात जाते

"पयले बसू द्या, मंग बोलू," एवढं म्हणून भाई चपला काढायचे, गिऱ्हाइकाच्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसायचे, काचा वर करून घ्यायचे आणि डोळे मिटायचे. बाहेर मे महिन्यातलं चंद्रपूर. ज्यांनी तो उन्हाळा भोगलाय त्यांना बंद गाडी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. भाई आत झाडाखाली बसावं तसे निवांत बसलेले असायचे.

नवं गिऱ्हाईक आधी घाबरायचं. ह्यांना काही होत तर नाही ना, असं मला विचारायचं. मी शिलाई मशीनवरून मान न उचलता सांगायचे, की होत काही नाही, ते गाडीशी बोलून राहिलेत. हे मी चेष्टेनं म्हणायचे. पुढं पुढं ती चेष्टा करायची मला सोय राहिली नाही.

मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मूल रोडवर, भाईंचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हर, मॅट, स्टिअरिंगची कव्हरं, काचांची काळी फिल्म, स्पीकर. दुकानाच्या अर्ध्या भागात माझी मशीन. माझे वडील ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. त्यांची जाड सुईची मशीन माझ्याकडे आली आणि मी ताडपत्रीवरून रेक्झिनवर आले. भाईंची बायको लवकर गेली होती, एकुलती मुलगी बल्लारपूरला दिलेली. दुकानाच्या वरच्या खोलीत ते एकटे राहत. मला ताई म्हणत, मी त्यांना भाई. त्यांचं नाव सांगत नाही. चारचौघांत नाव निघालेलं त्यांना आवडायचं नाही.

दोन हजार सालाच्या आगेमागे आमच्याकडे मोठाल्या गाड्या दिसू लागल्या. कोळशाची वाहतूक करणारे, बांबूचे ठेकेदार, राईस मिलवाले, लोहखनिजासाठी सूरजागडच्या डोंगरांकडे जाणारे साहेब लोक. गाडी घेताना ह्या लोकांचा हात सैल असायचा, पण वरचं सामान घेताना आखडायचा. शोरूममधला भाव ऐकून भल्याभल्यांचा चेहरा कसा उतरतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. मग कोणीतरी त्यांना भाईंकडे पाठवायचं. स्वस्तात करून देतो आणि मन मोडत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

करायचे कसं, ते अगदी साधं होतं. "जिथं हात जाते तिथं असली लावा. जिथं सिरफ नजर जाते तिथं नकली चालते." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. डोळ्याची समजूत घालता येते, असं भाईंचं म्हणणं. हाताची येत नाही. गाडीत बसून, डोळे मिटून ते मालकाचा हात कुठं कुठं जातो तेवढंच शोधत असत.

गोंडपिपरीकडच्या एका ठेकेदाराला डॅशबोर्डभर लाकूड हवं होतं. भाईंनी सगळीकडे लाकडाच्या रंगाची चिकटपट्टी लावली आणि गिअरच्या मुठीला तेवढा खराखुरा आलापल्लीचा सागवान, सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यातून करून घेतलेला. आणि काय नकली, काय असली, ते त्याला तोंडावर सांगितलं. ठेकेदारानं मूठ धरून पाहिली, खूश झाला, आणि पुढं गावभर सगळी गाडी सागवानाची असल्याचं सांगत फिरला. ते खोटं त्याचं होतं, भाईंचं नाही. भाई नकली माल विकायचे, पण सांगून विकायचे. ज्याचा हात त्याला सांगितल्याशिवाय काही लावलं नाही, ही त्यांची ऐट होती, आणि ती ऐट त्यांना शोभायची.

दुकानामागं गोडाऊन होतं. गाड्यांतून काढलेल्या सीटा, पाठी, फोम तिथं पडून असत. मालकांना नवं हवं असायचं, जुनं ते टाकून जायचे. माणूस वर्षानुवर्षं एका जागी बसला की फोमला त्याचं अंग येतं. कोणी डावीकडे कललेला, कोणाचे खांदे पडलेले. त्या कोंदट खोलीत असे आकार भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेले असायचे, माणसांशिवाय. सकाळी कुलूप काढलं की भाई आधी सलाम करायचे, मग आत पाय टाकायचे. दोन सीटा समोरासमोर ठेवू द्यायचे नाहीत. "बोलत बसते," म्हणायचे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी दिवेलागणीनंतर मी तिथं जायचे नाही, पण ते डासांमुळे.

एकदा एटापल्लीकडे येणं-जाणं असलेल्या एका साहेबांची गाडी आली. पुढच्या जाळीत सागाची पानं अडकलेली, चाकांना लाल माती. साहेबांना फक्त मॅट आणि चांगले स्पीकर हवे होते. भाई आत बसले ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. बाहेर आले तेव्हा सदरा घामानं भिजलेला होता आणि बोटं मात्र गार. चहाचा कप माझ्या हातात देताना लागली, म्हणून सांगते.

ते साहेबांना म्हणाले, "मांगं डाव्या बाजूले कोणीतरी भेऊन बसते. तिथंचा वरचा हँडल मजबूत करून देतो. स्पीकर हलका लावू."

 साहेब हळू आवाजात म्हणाले, की बायको बसते. जंगलातल्या रस्त्यावर कोणीतरी एकदा झाड आडवं टाकून ठेवलं होतं, तेव्हापासून ती हँडल सोडत नाही. गाडी गेल्यावर मी भाईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले, हँडल हलत होतं आणि त्याच्या खालच्या कापडावर नखांच्या खुणा होत्या. एवढं साधं कारण ऐकून मला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवत पुढं जोडलं, "अन् ते बाई अजून तिथंच बसून आहे, ताई. घरी उतरलीच नाई."

त्या दिवशी मी शिवण दोनदा उसवली.

नागभीडच्या एका राईस मिलवाल्याची गाडी आम्ही केली होती. परदेशी, लांबलचक, त्या भागात तसली दुसरी नव्हती. मालक तरुण होता, स्वतः चालवायचा. मागं डावीकडे त्याचे वडील. काचबिंदूनं म्हाताऱ्यांची दृष्टी पार गेलेली. रोज संध्याकाळी मुलगा त्यांना रेल्वे फाटकापर्यंत फिरवून आणायचा, आणि वाटेत म्हातारे पुढं वाकून त्याच्या खांद्याशी हात ठेवून बोलत राहायचे. गाडी घेऊन दोघं चंद्रपूरला यायचे तेव्हा मी हे पाहिलं होतं. मग तो मुलगा गेला. नागपूरच्या दवाखान्यात, अचानक.

वर्षभरानं त्याची बायको दुकानात आली. मिल भागीदाराकडे गेली होती आणि गाडी मिलच्या नावावर असल्यानं तीही गेली होती. पोरगा गेला हे सासऱ्यांना माहीत होतं. अग्नी त्यांनीच दिला होता. गाडी गेली हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. मुलगा गेल्यापासून ते रोज संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीत आपल्या जागेवर जाऊन बसायचे, आणि तेवढ्यावर त्यांचं चाललं होतं. आता गाडी दुरुस्तीला दिल्याचं तिनं सांगून ठेवलं होतं, आणि म्हाताऱ्यांचं जेवण तुटत चाललं होतं. तिनं नागपुरात तशीच एक जुनी, आतून पार भुंडी झालेली गाडी कशीबशी मिळवली होती. ती दारात उभी होती. आतून पहिल्यासारखी करून द्या, म्हणाली. पण मोठ्या सामानाची ऐपत आता राहिली नाही.

भाईंनी त्या दिवशी चपला काढल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "डोळ्याले मी रोज समजावतो, बाई. त्या मानसाले डोळेच नाईत. तुमी मले त्याचा हात फसवा म्हणून राह्यल्या."

 ती बाकावर बसून राहिली. भाई आत गेले, बाहेर आले, एका गिऱ्हाइकाला मॅट दाखवल्या, पुन्हा आत गेले. तिनं पाणी मागितलं नाही की पदरानं डोळे पुसले नाहीत. ऊन उतरलं, समोरच्या हॉटेलात भजी तळायला लागले, तरी ती तिथंच. शेवटी भाईंनी निमूट चपला काढल्या आणि गाडीचं मागचं दार उघडलं. मला राग आला होता, कोणाचा ते सांगता येणार नाही.

पुढचं काम आम्ही जवळजवळ डोळे मिटून केलं. भाई मला मागच्या डाव्या सीटवर बसवायचे, डोळ्यांवर पदर बांधायला लावायचे, आणि माझा हात सहज जिथं जाईल तिथं खडूनं खूण करायचे. मग स्वतः बसायचे आणि माझ्याकडून खुणा करून घ्यायचे. खडूच्या आत येईल तेवढं खरं चामडं: ती एक बैठक, हाताखालची गादी, दाराची पट्टी, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीचा वरचा भाग. खडूच्या बाहेर सगळं हलक्यातलं रेक्झिन. मागची उजवी सीट तर मी उरलेल्या तुकड्यांतून शिवली. पाहणाऱ्याला ती गाडी गोधडी पांघरल्यासारखी दिसली असती. दार जडपणे लागावं म्हणून भाईंनी आतल्या पत्र्याला डांबराच्या पट्ट्या चिकटवल्या. डिकीत भाताच्या कोंड्याचं पोतं टाकून ठेवलं, कारण मिलवाल्याच्या गाडीला तो वास होता.

पहिल्या गाडीत हाताखालच्या गादीला माझा दोरा संपून एक गाठ राहून गेली होती. म्हातारे बोलता बोलता त्या गाठीवर बोट फिरवायचे, हे भाईंच्या लक्षात होतं. तशीच गाठ पुन्हा मारायला मला अर्धा दिवस लागला. बिघडलेलं काम मुद्दाम बरोबर तसंच बिघडवणं, करून पाहा कधी.

राहिली ड्रायव्हरची पाठ. मुलाची कंबर-पाठ दुखायची म्हणून आम्ही पूर्वी त्याच्या सीटचा फोम बदलला होता. जुना फोम गोडाऊनात ओळीत होता, उजवीकडे थोडा कललेला. भाईंनी तो उचलण्याआधी वाकून त्याला काहीतरी विचारलं. मी ऐकलं नाही असं केलं. तो फोम नव्या गाडीत बसवला, वर चामडं चढवलं. काचांना तेवढी सगळ्यात हलकी काळी फिल्म लावली. काच म्हणजे नजरेचंच काम.

गाडी पोचवायला भाई स्वतः निघाले. शिवणीत काही राहिलं तर हाताशी असावी म्हणून मला शेजारी घेतलं. मूलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगल लागतं, आणि दुपारची वेळ असली तरी तिथं गाडीत कोणी मोठ्यानं बोलत नाही. मी सहज पाहिलं, तर भाई उजवीकडे कलून बसले होते. नीट बसा म्हटलं. सीटच तशी आहे, म्हणाले.

नागभीडला पोचलो तेव्हा धान निसवलेलं, लोंब्यांवर आलेलं होतं. अंगणात सुनेनं आम्हाला खुणेनं गप्प राहायला सांगितलं आणि आतून सासऱ्यांना हात धरून आणलं. किडकिडीत, उंच माणूस, धोतर स्वच्छ. आम्ही दोघं पुढच्या सीटांवर होतो तसेच राहिलो. उतरायला वेळच मिळाला नाही. म्हातारे आपल्या जागेवर बसले. त्यांचा हात काचेवर टेकला, मग दारावरून सरकत हाताखालच्या गादीवर गेला. गाठीशी थांबला.  मग ते पुढं वाकले आणि त्यांचा हात भाईंच्या खांद्याशी आला.

"चाल," म्हातारे म्हणाले.

सुनेनं तोंडाला पदर लावला. भाईंनी गाडी सुरू केली.

त्या फेरीचं मला अजूनही धड सांगता येत नाही. म्हातारे बोलत होते, मुलाशी. धान कसं आहे विचारलं. मग थांबले, जसं आपण समोरचा बोलत असताना थांबतो, आणि म्हणाले, "हं. मंग बरं आहे." पुन्हा काही विचारलं, पुन्हा थांबले, हसले. "तुयं म्हननं खरं आहे." भाईंच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. माझ्याही नाही. फाटकाच्या आधी एक कच्ची वाट बोडीकडे जाते. आमच्याकडे शेतावरच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. भाईंनी गाडी तिकडे वळवली, पाण्याकाठी थोडी थांबवली, मग फाटकाकडे नेली. म्हाताऱ्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. सुनेनं मला मिठी मारली आणि मग ती रडली.

परतीच्या एसटीत भाई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, बोडीकडं वळाचं मले कोनं सांगतलं?"

मला वाटलं होतं त्यांना रस्ता माहीत असेल. ते म्हणाले, नागभीडला ते जन्मात पहिल्यांदाच आले होते.

ह्यानंतर दुकान बंद असेल त्या दिवशी भाई सकाळच्या पॅसेंजरनं नागभीडला जाऊ लागले. सुनेनं बोलावलं होतं हे खरं, पण नसतं बोलावलं तरी गेले असते. म्हाताऱ्यांना फिरवून आणायचं, एक शब्द न बोलता, आणि संध्याकाळच्या बसनं परत. इकडे दुकानात ते स्टुलावर बसले तरी उजवीकडे कलायचे. पाठ दुखते म्हणायला लागले. आधी कधी दुखली नव्हती. मी रागावले, की कोणाच्या तरी फोमात बसून असलं दुखणं कशाला लावून घेता. ते हसले. मग म्हणाले, की म्हाताऱ्यांच्या बोलण्यात मधे जी जागा सुटते, तिथं काय उत्तर येणार ते त्यांना आताशा आधीच कळतं. म्हातारा 'हं' म्हणायच्या आत.

मी म्हटलं, आता पुरे झालं, जाऊ नका.

"मी त्याले सांगतलं नाई, ताई," ते म्हणाले. "हात त्याचा, अन् सांगतलं सुनेले. असं मी कधी केलं नाई." हेच त्यांना खात होतं. म्हाताऱ्याला खरं सांगायचं म्हणून ते दर खेपेला जायचे, आणि न सांगता यायचे. सांगितलं आणि तो पुन्हा जेवायचा थांबला तर, ही एक भीती. नाही सांगितलं तर आपण आयुष्यभर जे पाळलं ते गेलं. मधल्या मधे ते वाळत चालले होते, आणि मी फक्त चहा पुढं करत होते.

एक दिवस दुसऱ्याच कोणाच्या गाडीत ते बसले होते. नेहमीसारखे डोळे मिटलेले. एकदम दार उघडून बाहेर आले आणि गिऱ्हाइकाकडे न पाहता माझ्याकडे आले.

"काच," म्हणाले.

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. डोळे असलेला माणूस काचेतून पाहतो, म्हणून आपण काच नजरेच्या हिशोबात धरली. आंधळ्याला काच म्हणजे हात टेकायची जागा. पहिल्या गाडीला भारी, गुळगुळीत फिल्म होती. आपण लावली हलकी, कडेला बारीक फुगे असलेली. आणि म्हाताऱ्याचा हात पहिल्याच दिवशी सगळ्यात आधी काचेवर गेला होता. ते मीही पाहिलं होतं.

"म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे," मी म्हटलं. "ही ती गाडी नाही हे माहीत आहे."

"हो."

"मग ते बोलतात कोणाशी?"

भाई पुन्हा गाडीकडे वळले. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं. भर दुपारी, रस्त्यावर ट्रकांची वर्दळ असताना, माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या खेपेला ते गाडीच चंद्रपूरला घेऊन आले. सुनेला सांगितलं, थोडं काम राहिलंय. होळी जवळ आली होती, ऊन तापू लागलं होतं. त्यांनी मागच्या डाव्या काचेची फिल्म गरम पाण्यानं आणि पात्यानं स्वतः काढली, काच साबणानं धुतली, आणि पहिल्या गाडीला होती तसली भारी फिल्म त्या एका काचेला लावली. दुपार झाली. ते फार दिवसांनी मोकळे दिसत होते. मला म्हणाले, की आता तपासून पाहतो, आणि उद्या नेऊन देताना म्हाताऱ्याला स्वतःच्या तोंडानं सगळं सांगतो. जेवला तर जेवला.

मग चपला काढल्या, म्हाताऱ्यांच्या जागेवर बसले, काचा वर केल्या.

मी शिवत होते. मधे एक गिऱ्हाईक आलं. त्याला मी सांगितलं, बसलेत, थांबावं लागेल. तो थांबला, कंटाळला, उद्या येतो म्हणून गेला. भाई बसले की कोणी हाक मारायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज होता आणि तो सगळा मूल रोड पाळायचा. माझ्या मशीनवरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं. दोऱ्याचं रीळ बदलताना मी गाडीकडे पाहिलं आणि मला कळलं. कसं ते विचारू नका. मी धावत जाऊन काचेवर थापा मारल्या. दाराला लॉक नव्हतं, पण ते उघडायचं मला सुचलं नाही. आतून त्यांचा तळहात काचेला टेकलेला होता, आणि चेहऱ्यावर काम नीट जमल्याचं ते बारीक हसू.

डॉक्टर म्हणाले, बसल्या क्षणीच हृदय थांबलं असणार. आधी दार उघडलं असतं तरी फरक पडला नसता. बल्लारपूरहून मुलगी आली. ती माझ्या गळ्यात पडून रडली, आणि मी तिच्या. इतकी वर्षं ज्या माणसाच्या आवाजावर माझी सकाळ सुरू व्हायची, तो आवाज गेला. दुसऱ्या दिवशी गोडाऊनचं कुलूप काढताना मला सलाम करावासा वाटला. मी केला.

गाडी नेऊन देणं माझ्याकडे आलं. टॅक्सी स्टँडवरचा एक ड्रायव्हर घेतला, आणि ह्या खेपेला मी मागं बसले.  सुनेला मी सगळं अंगणातच सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, बाबांना तुम्हीच सांगा, माझ्यानं होणार नाही. ड्रायव्हर चहाला आत गेला.

म्हातारे काठी टेकत आले आणि न विचारता आपल्या जागेवर बसले. त्यांच्या शेजारी बसून सांगायचा मला धीर होईना. तोंड पाहावं लागलं असतं. मी पुढच्या डाव्या सीटवर जाऊन बसले, आणि समोरच्या काचेतून तुळशीकडे बघत राहिले. मागं त्यांचा हात काचेवरून फिरत असल्याचा बारीक आवाज येत होता. बराच वेळ.

"बदलवली त्यानं," म्हातारे म्हणाले. "मले पयल्या दिवशीच समजलं होतं, सिलाईवाल्या बाई. बोललो नाई. येवढ्या मेहनतीनं केलं होतं, त्याले वाईट वाटलं असतं."

मला एकदम रडू आलं. तिकडे भाई म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून झुरले, आणि इकडे हा माणूस भाईंचं मन मोडू नये म्हणून गप्प बसला होता. दोघांपैकी कोणी एक शब्द बोललं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी अजून करते. मी तोंड पुसलं आणि, मागं न बघता, सांगून टाकलं.

"बाबा, भाई गेले. परवा."

 मग म्हातारे पुढं वाकले. त्यांचा हात ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटच्या पाठीवर, खांद्याच्या जागी येऊन टेकला, नेहमीसारखा. ते थोडं थांबले. "हं," म्हणाले, मला नाही.

मग माझ्याकडे तोंड करून, पाहुण्याला सांगावं तशा मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमी मांगं माह्याजवळ येऊन बसा. पोरगा म्हनते, भाईच्या जाग्यावर बसल्या तुमी. तो कवाचा बाहेर उभा आहे."

मी उतरले. मागचं दार उघडून म्हाताऱ्यांच्या शेजारी जाऊन बसले. पुढचं दार मी लगेच लावलं नाही.